पावसाळ्यात गाडीत डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा पाणी? आधी काचेखालची जाळी उघडा

लक्षणं सांगते, जुळतात का बघा. रात्रभर पाऊस पडला की सकाळी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट ओलं. मॅट उचललं तर खालचं कार्पेट पाय ठेवल्यावर पचपच करतं. दोन दिवसांत कुबट वास, चार दिवसांत काचांना आतून घाम, आठवडाभरात सीटबेल्टच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. गाडी सुरू करून ब्लोअर लावला की डॅशबोर्डमागून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज. तो आवाज मी तीन पावसाळे ऐकला आणि तिन्ही पावसाळे त्याचा अर्थ मला कळला नाही.

आमची गाडी दहा वर्षांची हॅचबॅक. सनरूफ नाही, मोठा अपघात नाही, पुरात कधी बुडालेली नाही. घर डिचोलीजवळ, ऑफिस पणजीला. पहिल्या पावसाळ्यात गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन मारून दिलं. दुसऱ्या वर्षी दरवाजाचं रबर बदललं. तिसऱ्या वर्षी एसीच्या पाण्याचा पाइप फुंकून साफ केला. दर वेळी माझ्यासमोर अर्धा तास पाइपने पाणी मारून दाखवलं, आत हात घालून बघितलं, "मॅडम, सुकी ठणठणीत" म्हणाले. आणि खरंच सुकी होती. मी पैसे देऊन घरी आले की पुढच्या मोठ्या पावसात कार्पेट परत पचपच. त्यांना दोष देत नाही. गाडी त्यांच्या फरशीवर गळतच नव्हती, ती आमच्या अंगणातच गळायची. का, ते पुढे येतंच.

यंदा जुलैत एक शनिवार-रविवार काढला आणि ठरवलं की आता काही बुजवायचं नाही, आधी पाणी येतंय कुठून ते बघायचं.

पाणी कुठलं ते आधी ओळखा

गाडीत डाव्या पायाशी येणारं पाणी तीन प्रकारचं असतं. एसीचं, पावसाचं आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. तिघांच्या वाटा वेगळ्या आणि दुरुस्त्याही वेगळ्या, म्हणून हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

पांढरा टिश्यू किंवा धुतलेलं फडकं कार्पेटवर दाबा. रंग आला, बोटाला चिकट लागलं, वास गोडसर असला तर ते कूलंट. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो आणि तो गळतोय. अशा वेळी काचेवर आतून तेलकट धुकं बसतं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. हे काम घरी करायचं नाही, डॅशबोर्ड खोलावा लागतो. गाडी तापायच्या आत गॅरेज गाठा.

पाणी स्वच्छ, बिनवासाचं, आणि पाऊस नसताना फक्त एसी लावून लांब गेल्यावर येत असेल तर ते एसीचं. पाणी किंचित मळकट, बोटावर चोळलं की मातीची कणी लागते, आणि गाडी नुसती उभी असतानाही येतं, तर ते पावसाचं.

आमचं मळकट होतं. त्यात एक बारीक पान चिकटलेलं मिळालं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं. ते पान मी पुसून फेकून दिलं. खरं तर तिथेच सगळं उत्तर होतं.

आणखी एक खूण, जी मला कुणी सांगितली नव्हती: ग्लोव्ह बॉक्स काढून त्याच्यामागचा एसीचा फिल्टर ओढून बघा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये दोन्ही बाजूंना दाबलं की ग्लोव्ह बॉक्स खाली लोंबतो, पाना लागत नाही. फिल्टर ओला, खालून तपकिरी डागाळलेला असेल तर पाणी वरून, बाहेरची हवा घेण्याच्या तोंडातून येतंय. मग दरवाजाच्या रबरावर पैसे घालवायची गरज नाही.

शनिवार सकाळ: पेपर, पावडर आणि पाइप

कार्पेट ओलं असताना तपास करता येत नाही. सगळंच ओलं, मग नवीन पाणी कोणतं ते काय कळणार? दरवाजाच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढली की निघते. पायाच्या बाजूचं छोटं आवरण एका नटावर असतं. ते काढून कार्पेटचा कोपरा सीटपर्यंत मागे दुमडला. सीट काढली नाही आणि तुम्हीही काढू नका. तिच्याखाली पिवळ्या आवरणाचा कनेक्टर असू शकतो, तो एअरबॅगशी संबंधित असतो, तिथे घरगुती हात लावायचा नाही.

कार्पेटखाली बोटभर जाडीचा नमदा असतो. खरा चोर तो. वरून कार्पेट कोरडं वाटतं आणि हा पोटात लिटरच्या लिटर पाणी धरून बसतो. स्पंजने टिपून, पिळून मी अर्धी बादली काढली.

उघडा पत्रा पुसून कोरडा केला. मग पावडर. अंगाला लावायची साधी टाल्कम, इंजिनकडच्या उभ्या पत्र्यावर आणि दरवाजाच्या उंबऱ्याच्या आतल्या कडेला कापसाने थापली. त्याखाली जुन्या पेपरच्या पट्ट्या अंथरल्या, प्रत्येकीवर पेनने आकडा. एक नंबर ब्लोअरखाली, दोन नंबर उभ्या पत्र्याच्या मधोमध, तीन नंबर दरवाजापाशी. पाण्याचा एक थेंब जरी उतरला तरी पावडरीवर ओघळ उठतो आणि ओघळ कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं.

पाणी मारायचं ते खालून वर. आधी दरवाजाचा खालचा भाग, मग काचेची कड, मग पुढच्या काचेचा खालचा काठ, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, आणि पाण्याला जोर नको, पाऊस पडल्यासारखं ओतायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच सिद्ध होत नाही. प्रेशर वॉशर तर अजिबात नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो. नवरा टॉर्च घेऊन आत उलटा झोपला होता, डोकं पायाच्या जागी, पाय सीटच्या पाठीवर.

पाइप गाडीपर्यंत पोचावा म्हणून ती गेटबाहेर सपाट रस्त्यावर घेतली होती. पाऊण तास पाणी मारलं. तिन्ही पट्ट्या कोरड्या.

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात गडग्यापलीकडून, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीपलीकडून, आबांनी विचारलं, "कितें गो बाय, परत उदक?" आबा शेजारचे, सगळी हयात बसच्या वर्कशॉपात काढलेली, आता फक्त सल्ले देतात. मी म्हटलं, "आबा, बघा ना, पाणी मारून मारून टाकी रिकामी झाली, एक थेंब आत जात नाही." त्यांनी रस्त्यावरच्या गाडीकडे बघितलं, मग आमच्या अंगणातल्या तिच्या नेहमीच्या जागेकडे, आणि म्हणाले, "थंय गाडी वाकडी आसा मगो!"

आमचं अंगण उताराचं. चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी उभी करतो तेव्हा तिची डावी चाकं उजव्यांपेक्षा चांगली वीतभर खाली असतात. रोज बघून ते दिसेनासं झालेलं. गाडी तिथे परत लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली, चाकांना चिऱ्याचे तुकडे लावले आणि पुढच्या काचेच्या खालच्या काठावर पाणी सोडलं. चौथ्या मिनिटाला आतून आवाज आला, "एक नंबर! एक नंबर भिजली!"

गॅरेजची फरशी सपाट, पणजीतलं पार्किंग सपाट. म्हणून तिथे कधी गळली नाही. तुमची गाडीही एका ठरावीक जागीच गळत असेल तर तपासणी त्याच जागी, त्याच तोंडाने करा. हे एवढं आधी सुचलं असतं तर माझं दरवाजाचं एक रबर वाचलं असतं.

जाळीखाली काय असतं

बॉनेट आणि काच यांच्यामध्ये, वायपरच्या खाली, काळ्या प्लास्टिकची जाळी असते. मेकॅनिक तिला काऊल म्हणतात. तिच्याखाली गाडीच्या रुंदीभर पत्र्याची पन्हळ असते. काचेवरचं पाणी जाळीतून या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर उतरतं. याच पन्हळीत डावीकडे ब्लोअरला बाहेरची हवा घेण्याचं तोंड असतं. त्याभोवती दोन-तीन बोटं उंच काठ असतो, विहिरीच्या कठड्यासारखा, पाणी आत जाऊ नये म्हणून.

थोडक्यात, इथे पाणी येणारच हे गृहीत धरून गाडी बांधलेली आहे. पाणी येतं, वाहतं, निघून जातं. निघायची वाट तुंबली की पातळी चढते, कठडा ओलांडते आणि ब्लोअरमधून थेट डाव्या पायाशी. आमची डावी वाट पूर्ण तुंबली होती आणि उजवी अर्धी. सपाट जागी पाणी उजवीकडून हळूहळू निघून जायचं. अंगणात गाडी डावीकडे कलली की सगळं डावीकडे जमायचं, म्हणजे बरोबर कठड्यापाशी.

पाणी किती, त्याचा हिशोब करून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक इंच पाऊस पडला की ते २५ लिटर होतं. पुढची काच आणि छतावरून पुढे येणारं धरलं तर एका इंचाला एका मोठ्या बादलीपेक्षा जास्त पाणी त्या पन्हळीतून जातं. गोव्यात मोसमात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो. इथले पेपर अजून इंचात मोजतात आणि शंभर इंच झाले की पहिल्या पानावर छापतात. शंभर बादल्या त्या दोन भोकांतून!

उघडायच्या आधी एक सोपी परीक्षा करा. जाळीच्या डाव्या टोकाला तांब्याभर पाणी ओता आणि पुढच्या चाकामागे बघा. मोकळी वाट असेल तर काही सेकंदांत धार लागते. आमच्याकडे मी वाट बघत उभी राहिले आणि शेवटी चार थेंब पडले, काळे.

उघडण्याचं काम

वायपर काढायच्या आधी काचेवर त्यांच्या जागी मास्किंग टेपची पट्टी लावा, नाहीतर परत बसवताना एक वायपर बॉनेटला धडकतो आणि दुसरा अर्धीच काच पुसतो. बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली नट. नट सुटतो, पण वायपरचा दांडा सुटत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत दांडा आणि त्याखालचे दाते एकमेकांना धरून बसतात. हातोडी मारू नका, खालची मोटरची जोडणी वाकते. गंज सोडवणारा स्प्रे मारा, चहा प्या, मग दांडा हळूहळू वरखाली डोलवा. माझा उजवा पाच मिनिटांत निघाला, डाव्याने तासभर घेतला.

जाळी क्लिपांवर असते. मधली टिकली दाबली किंवा उचकली की क्लिप सुटते. दहा वर्षं उन्हात भाजलेल्या क्लिपा मात्र सुटत नाहीत, तुटतात. नऊपैकी माझ्या चार तुटल्या. आधी दहा-बारा विकत आणून ठेवा, मग कामाला बसा.

जाळी उचलली आणि घरातले सगळे बघायला आले. डाव्या कोपऱ्यात दोन बोटं पाणी आणि त्याखाली काळा, मऊ, चहाच्या चोथ्यासारखा चिखल. तो चिमटीत धरून धुतला तर सगळी बारीक पानं. गेटाबाहेर गुलमोहर आहे आणि अंगणात चिंच. आंब्याफणसाची पानं जाळीवर अडकतात आणि आपण उचलून टाकतो. चिंच आणि गुलमोहराची पानं दाण्याएवढी, ती जाळीतून सरळ आत जातात आणि मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्याही. चिखलात चिंचेचं एक रोप आलेलं होतं. दोन पानांचं, फिकट, पण चांगलं ताठ उभं. मुलाने ते उपटू दिलं नाही, नारळाच्या करवंटीत लावलं.

साफ करताना घाई नको. ब्लोअरच्या तोंडावर आधी प्लास्टिकची पिशवी टेपने बांधा, नाहीतर सगळा चिखल तिथे जाईल. चिखल हाताने आणि जुन्या डावाने उपसा. हवा मारून किंवा पाण्याच्या जोराने ढकलू नका, तो भोकात आणखी घट्ट बसतो. भोक मोकळं करायला मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरली. ती वळणातून जाते, पण रबर फाडत नाही. सळई किंवा तार घातलीत तर आतला रबरी पाइप फाटेल आणि मग खरोखरची गळती सुरू होईल. काही गाड्यांत भोकाच्या खालच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी टोपी असते. ती खालून बोटाने चिमटली की अडकलेला गोळा पडतो. आमच्यात होती. चिमटली आणि थेट माझ्या कोपरापर्यंत काळा ओघळ आला.

मग तांब्याभर पाणी ओतलं. धार. दुसरा तांब्या, परत धार. त्या धारेकडे मी बराच वेळ बघत बसले होते, नवऱ्याने तिसरा तांब्या हातातून काढून घेतला.

रविवार सकाळ: तीन नंबर भिजली

रात्री धो धो पाऊस पडला. पहाटे टॉर्च घेऊन गेले. एक नंबर कोरडी, दोन नंबर कोरडी. तीन नंबर, दरवाजापाशीची, भिजलेली.

म्हणजे दोन आजार होते आणि मोठ्याने छोट्याला झाकून ठेवलं होतं. हेही लक्षात ठेवा: एक कारण सापडलं म्हणून लगेच कार्पेट अंथरू नका, निदान एक रात्र पावसात जाऊ द्या.

हा दुसरा आजार मी स्वतः केलेला. मागच्या वर्षी दरवाजाच्या खालच्या काठाला तीन लांबट फटी दिसल्या होत्या. मला वाटलं इथूनच रस्त्यावरचं पाणी वर उडतं, म्हणून सिलिकॉनने तिन्ही बुजवल्या. चांगल्या गुळगुळीत बुजवल्या होत्या, अभिमानच वाटला होता. खरं तर दरवाजा आतून ओला होणारच असतो. काचेच्या बाहेरच्या रबराशेजारून पावसाचं पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं आणि त्या फटींतून खाली पडतं. मी फटी बुजवल्यावर दरवाजा हंडा झाला. उघडझाप करताना आतून खळखळ यायची, ती मी बाटलीची समजत होते.

सिलिकॉन टोकदार लाकडी काडीने खरवडून काढलं. पहिली फट मोकळी होताच दरवाजातून बादलीचा तळ झाकेल एवढं तांबूस पाणी आलं. तांबूस म्हणजे गंज. तिथे गंजरोधक रंग लावून घेतला आहे, पण एक वर्ष उशीरच झाला. आणि कुणाला सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं पत्र्याला लावू नका, वाळताना त्यातून सुटणारं आम्ल पत्रा खातं. मी नेमकं तेच लावलं होतं.

तरी पाणी आत का आलं? दरवाजाच्या आतल्या आवरणामागे प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो, तो पोटातलं पाणी केबिनकडे येऊ देत नाही. आमच्या पॉवर विंडोची दुरुस्ती कधीतरी झाली होती, तेव्हा तो कागद अर्धा फाडून परत साध्या चिकटपट्टीने लावलेला. दमटपणात पट्टी सुटली होती. आवरण काढणं सोपं आहे. हँडलच्या खाचेत एक स्क्रू, हात टेकायच्या जागी एक, बाकी क्लिपा. वायरींचे कनेक्टर ओढू नका, दाबून सोडवा. फाटका कागद मी काढून टाकला, जाड पॉलिथिन त्याच मापाचं कापलं आणि ब्यूटाइल टेपने लावलं. ही काळी, च्युइंगगमसारखी चिकट टेप गाडीच्या काचा बसवणाऱ्यांकडे मिळते. ती कधी पूर्ण वाळत नाही, म्हणूनच पाण्याला टिकते. कागदाचा खालचा काठ दरवाजाच्या पोटात आत वळवायचा, बाहेर लोंबता ठेवायचा नाही. कौलं कशी शाकारतो, वरच्याचं पाणी खालच्यावर पडावं अशी? तसंच, उतरणारं पाणी परत दरवाजातच पडलं पाहिजे.

एसीचा पाइप

हात काळे झालेच होते म्हणून हेही बघून घेतलं. गाडी उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. खाली डाव्या बाजूला पाणी टपकलं पाहिजे. पावसाळ्याच्या दमट हवेत नाही टपकलं तर ते पाणी आत साचतंय. इंजिनकडच्या पत्र्याच्या खालच्या भागात बोटाएवढी रबरी नळी बाहेर आलेली असते. इथेही तीच नायलॉनची दोरी, हळूच, वीतभर आत. आमची मोकळी होती. पण भावाच्या गाडीत कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधलेलं निघालं होतं. गाडी मे महिन्यात महिनाभर उभी होती, तेवढ्यात. तुमची गाडी बरेच दिवस बंद राहत असेल तर ही नळी आधी बघा.

मी नळीखाली वाटी ठेवून बघितलं. वीस मिनिटांत वाटी भरून वाहायला लागली. एरवी हे सगळं पाणी नकळत रस्त्यावर पडतं.

सुकवणं, आणि वासाचा एक मूर्खपणा

जुलैत डिचोलीत कपडे सुकत नाहीत तर गाडीचा नमदा काय सुकणार! कार्पेटखाली चार करवंट्या पालथ्या घालून ते उचलून धरलं, दरवाजा अर्धा उघडा ठेवून टेबल फॅन दोन दिवस आत सोडला. दरवाजा उघडा म्हणजे आतले दिवे चालू, तेवढ्याने बॅटरी उतरते, तेव्हा दिव्याचं बटण बंद करायला विसरू नका. मधून मधून गाडी उघड्यावर सुरू करून एसी आणि पायाकडची गरम हवा दोन्ही एकदम लावली. एसी हवेतलं पाणी ओढतो आणि गरम हवा नमदा सुकवते. नुसत्या हीटरने बाष्प आतल्या आतच फिरतं.

बुरशीसाठी व्हिनेगर-पाणी फवारा असं सगळे सांगतात. घरात पांढरं व्हिनेगर नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर मारलं. बुरशी गेली. गाडीला मात्र तीन दिवस सोरपोतेलचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या आंबट-तिखट पोर्कचा, वास होता आणि सोमवारी ऑफिसातल्या दोघींनी जेवायला कुठे गेला होतात असं विचारलं. पांढरंच वापरा.

कार्पेट दुमडलेलं आहे तोवर खालच्या वायरी आणि कनेक्टर बघून घ्या. हिरवट चुन्यासारखा थर दिसला तर बॅटरीची निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मऊ ब्रशने घासा. पिवळे कनेक्टर तेवढे सोडून. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर स्वतः काही करू नका, थेट सर्व्हिस सेंटर.

एवढं करूनही पाणी येत असेल तर

पावडरीवरचा ओघळ बघा. तो उभ्या पत्र्यातल्या वायरींच्या भोकापासून सुरू होत असेल तर तिथलं गोल रबर निसटलंय, बहुतेक कुणीतरी हॉर्न किंवा फॉगलॅम्पची वायर त्यातून नेलेली असते. पत्र्याच्या सांध्यावरून येत असेल तर सांध्यातला लेप तडकलाय. काचेच्या कोपऱ्यातून येत असेल आणि काच कधी बदललेली असेल तर ती काच काढून परत बसवणं हाच उपाय आहे, आणि ते काच बसवणाऱ्याचंच काम. वरून सिलिकॉन मारून एक मोसम जातो, पुढच्या मोसमात पाणी सिलिकॉनच्या आतून येतं. सनरूफवाल्यांनी छताच्या कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या बघाव्यात. तिथेही तोच पानांचा चोथा.

सगळा खर्च सातशेच्या आत झाला. टेप, क्लिपा, स्प्रे आणि रंगाची छोटी डबी. मागच्या तीन पावसाळ्यांत किती गेले ते मी मोजलेलं नाही आणि घरात कुणी मोजायचं नाही असं ठरलंय. आता मेअखेरीस घराच्या पन्हळी साफ करायला माणूस येतो त्याच दिवशी गाडीची जाळीही उघडायची, आणि चवथीच्या आधी एकदा तांब्याची परीक्षा.

हे लिहितेय तोवर तीन आठवडे झाले. मधे एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोसळला. पट्ट्या अजून काढलेल्या नाहीत, तिन्ही कोरड्या आहेत, तीन नंबरवर फक्त माझ्या चपलेचा ठसा आहे. चार क्लिपा तुटल्या होत्या आणि दुकानात तीनच मिळाल्या, त्यामुळे साठच्या वर गेलं की जाळीचं उजवं टोक टकटक करतं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाईन तेव्हा बघेन.